फोडायचा नाही, कापायचा

आर्वीच्या शाळेत नोकरी लागली आणि मी भाड्याने खोली घेतली तेव्हा सामानाच्या आधी माझे वडील नारळ घेऊन जिना चढले. तळेगावात आमचं किराणा दुकान आहे. नव्या जागेत पाय टाकताना उंबऱ्यावर नारळ फोडायचा, हे आमच्या घरी कुणाला शिकवावं लागत नाही. वडिलांनी उंबऱ्याच्या दगडावर एका फटक्यात नारळ फोडला, पाणी पायऱ्यांवरून ओघळलं, आणि खालून घरमालक लेंगा सावरत धावत वर आले. मला वाटलं, संपलं. घर बौद्धांचं, वस्ती बौद्धांची, आणि आम्ही विचारपूस न करता पहिल्याच दिवशी त्यांच्या उंबऱ्यावर नारळ फोडून मोकळे झालेलो. वडिलांचाही चेहरा उतरला. ते हात जोडून काहीतरी बोलणार, एवढ्यात घरमालक ओल्या पायरीकडे बघत म्हणाले, "पाणी सांडलं ना हो सगळं."

वडील नुसतेच "अं?" म्हणाले.

"अर्धा पेला पाणी होतं त्याच्यात. आधी डोळ्याले भोक पाडून काढून घ्यावं लागते. तुमचं तं दुकान आहे म्हणता, अन् एवढं नाई माहीत?" मग त्यांनी एक भकल उचललं, वास घेतला, नखाने खोबरं खरवडून जिभेवर ठेवलं. "जुना आहे. कुठून आणता हा माल?"

जन्मभर नारळ विकलेला माझा बाप एका सरकारी पेन्शनरापुढे तोंडी परीक्षेला बसल्यासारखा उभा होता. त्यानंतर वडील मला भेटायला आले की कोपऱ्यावरून फोन करायचे आणि विचारायचे, "ते खाली आहेत का?"

घरमालकांना वस्तीत नारळसाहेब म्हणत, मी काका म्हणायचे. वीज खात्यातून निवृत्त झालेले म्हणून साहेब. नारळ का, तेही सांगते. नोकरीच्या मधल्या काळात त्यांना बढती मिळाली आणि बढतीसोबत सिंधुदुर्गाकडे बदली. त्याआधी त्यांचं पोट हा घरातला एक वेगळाच सदस्य होता. जेवलं की जळजळ, नाही जेवलं की जळजळ, खिशात पेनाशेजारी गोळ्यांची पट्टी. आपल्याकडची तर्री, तिच्यावर तेलाचा तवंग आणि सोबत खात्याची कटकट असली की कुणाचंही पोट पेटेल. कोकणात ज्या बाईंकडे ते जेवायला जात तिथे भाजीत नारळ, आमटीत नारळ, भातात नारळ. पहिला महिना त्यांनी कुरकुरत काढला. दुसऱ्या महिन्यात त्यांच्या लक्षात आलं की गोळ्यांची पट्टी आहे तशीच आहे. काहींना आयुष्यात गुरू भेटतो, काकांना खोबरं भेटलं.

परत आले ते पोतं घेऊन, आणि पोत्यासोबत एक नारळाचं रोप घेऊन. आर्वीचा मे महिना ज्याने पाहिला आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही. पण काकांनी हार मानली नाही. रोपाला ओलं पोतं गुंडाळलं, वर हिरवी जाळी बांधली, आणि तरीही पानं करपायला लागली तेव्हा बैठकीतला कूलर उचलून अंगणात लावला. तोंड रोपाकडे. घरातली माणसं आत हातपंखे हलवत बसली. हा प्रकार माझ्या आधीचा, मला काकूंनी सांगितला. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, शांत बाई, पण एखादं वाक्य ठेवून द्यायच्या. म्हणाल्या, "एवढ्या वर्साच्या संसारात माह्याकडं कधी कूलर नाई फिरवला यायनं." रोप जूनच्या तोंडावर गेलं. त्याचा खड्डा मात्र काकांनी बुजवला नाही.

त्यांचा दुसरा आवडता विषय जहर. मी खोली घेतली तेव्हा भाड्यापेक्षा जास्त वेळ अटी सांगण्यात गेला. फिनाईल आणायचं नाही. मच्छरांची कॉइल लावायची नाही. काळा लेप दिलेला तवा चालणार नाही, प्लास्टिकच्या डब्यात गरम ठेवायचं नाही, वासाची साबणपूड नको, खोलीत मारायचा फवारा तर नावालाही नको. माझ्याकडे देवांची एक छोटी फळी होती. मी भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "देव ठेवा, मॅडम. तुमचे तुमच्यापाशी. पण उदबत्ती नाई. तो धूर म्हणजे जहर आहे."

हे सगळं गेलं की उरायचा नारळ. भांडी घासायला काथ्या, मच्छरांसाठी नारळाच्या शेंडीचा धूर. हा धूर जहर का नाही, हे विचारलं तर ते ऐकू न आल्यासारखं करायचे. दात घासायला खोबरेल आणि खायचा सोडा, अंगाला खोबरेल, पोळीवर खोबरेल, दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीलाही खोबरेल. करवंट्यांचे पेले, करवंट्यांचे डाव, करवंटीचं मीठपात्र. चहात नारळाचं दूध, आणि ते हमखास फाटायचं. पाहुण्यांपुढे तो चहा आला की काका त्यांच्या तोंडाकडे बघत बसत. दुसऱ्यांदा कुणी चहाला थांबत नसे, आणि काका म्हणत, लोकांना वेळ नसतो हल्ली.

डिसेंबरात बाटलीतलं तेल गोठायचं. ते चमच्याने उकरताना काका समाधानाने म्हणत, "पाहा, अस्सल आहे." मे महिन्यात ते पाण्यासारखं पातळ व्हायचं, तेव्हाही बाटली उजेडात धरून म्हणत, "पाहा, अस्सल आहे."

सकाळी त्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. उठल्या उठल्या दोन चमचे खोबरेल तोंडात घेऊन ते ते खुळखुळवत अंगणात फेऱ्या मारायचे, चांगला पाव तास. त्या वेळात जगाने थांबावं अशी त्यांची अपेक्षा असे, आणि जग नेमकं त्याच वेळात यायचं. दूधवाला, कचऱ्याची गाडी, नळाची वेळ, सगळं तेव्हाच. एकदा मीटर बघायला एक नवखा मुलगा आला. वीज खात्यात उभी हयात घालवलेल्या माणसाला त्याने मीटर कुठे आहे ते विचारलं. काकांना त्याला खात्याच्या कारभाराबद्दल बरंच काही सांगायचं होतं. ते "हूं, हूं हूं, हूंऽ" असं हातवारे करत सांगत राहिले. त्या मुलाने बाहेर येऊन मला हळूच विचारलं, "बाबा जन्मापासून बोलत नाहीत का?" मी हो म्हणाले. सोपं होतं ते.

काकू संध्याकाळी वर माझ्याकडे यायच्या. मी भजी तळली तर चार जास्तीच तळायचे. आर्वीच्या बाजारात सोयाबीनची रास पडते, अर्धा तालुका सोयाबीनवर जगतो, आणि त्याच तालुक्यात राहून काका सोयाबीनच्या तेलाला जहर म्हणत. काकूंचे भाऊ सोयाबीन पेरणारे. ते बहिणीकडे येत, पण जेवायला थांबत नसत. काकू माझ्या खोलीत भिंतीला टेकून भजी खात, पदराने बोटं पुसत आणि खाली जायच्या आधी एक लवंग तोंडात टाकत. काकांचं नाक तीक्ष्ण होतं. त्यांना कळत असणारच. कधी बोलले नाहीत.

पण वस्तीला पडलेला प्रश्न तेलाचा नव्हता. वस्तीत पोत्याने नारळ कुणाच्याच घरी येत नसत. भाजीत खोबरं सगळेच घालतात, पण ते वाटीचं, सुकं, दुकानातून पुड्यात बांधून आणलेलं. शेंडीवाला अख्खा नारळ म्हणजे देऊळ, म्हणजे नवस, म्हणजे जे सगळं आजोबा-पणजोबांनी सोडलं ते. म्हणून एका रविवारी विहाराच्या समितीतले तिघे जण घरी आले. मी वह्या तपासत जिन्यात बसले होते, सगळं ऐकू येत होतं.

"साहेब, गैरसमज नका करू," त्यातले वयस्कर गृहस्थ म्हणाले. "पण लोक विचारून राह्यले. घरात काई व्रत-बित तं नाई ना?"

काका उठले. त्यांना मागच्या पडवीत घेऊन गेले. तिथे बाकावर लोखंडी शिकंजा बसवलेला होता. काकांनी एक नारळ घेतला, त्याची शेंडी कात्रीने साफ कापली, डोळ्याला भोक पाडून पाणी पेल्यात काढलं, नारळ शिकंज्यात आवळला आणि लोखंड कापायच्या आरीने बरोबर मधोमध कापला. याला चांगला वेळ लागतो. पाहुणे उभे होते. आरीचा आवाज थांबल्यावर काकांनी दोन वाट्या त्यांच्यापुढे धरल्या.

"आपण फोडत नाई," ते म्हणाले. "कापतो. फोडणं वेगळं. शेंडी ठेवली तं तो देवाचा, काढली तं फळ. फणसाले कोणी हात जोडते का?"

समितीचं समाधान झालं असावं, कारण जाताना तिघांच्याही हातात तेलाची एकेक बाटली होती. तेव्हापासून काका शेंड्या पुढच्या पायरीवर बसून, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं कापू लागले. काकू मला म्हणाल्या, "यायनं तं नारळाले बी दीक्षा देल्ली."

समितीचं काही नव्हतं हो. समितीला पटवता येतं. काकांना पटवायचं होतं ते त्यांच्या आईला.

आजी नाचणगावला धाकट्या मुलाकडे राहायच्या. पंच्याऐंशीच्या आसपासच्या, काटक, पांढऱ्या लुगड्यातल्या. काका आठवड्यातून एकदा सकाळच्या एसटीने पुलगावला उतरून त्यांच्याकडे जात. गुडघ्यांसाठी खोबरेलाची बाटली नेत. आजी ती घरात घेत नसत, बाहेरच्या कुंपणाच्या भिंतीवर ठेवायला लावत. भिंतीवर एका रांगेत बाटल्या उभ्या होत्या म्हणे. आणि काकांच्या घरी त्या आल्या नव्हत्या. कोकणातून नारळ घरात आला त्या वर्षापासून एकदाही नाही. "त्या फळाच्या घरात म्या पाणी पेणार नाई," एवढं एकच वाक्य त्यांनी सांगून ठेवलं होतं.

इतकी वर्षं ते चाललं. पण मग धाकट्याच्या मुलाला पुण्यात नोकरी लागली आणि धाकट्याने घराला कुलूप लावून तिकडे जायचं ठरवलं. पुण्याच्या चौथ्या मजल्यावर आजी जायला तयार नव्हत्या. नाचणगावात एकटं ठेवायला मुलं तयार नव्हती. उरलं काकांचं घर. आजी म्हणाल्या, "चार दिस येऊन पाह्यतो. नाई जमलं तं मले माह्या घरी आणून टाकजो. म्या एकटी मरीन."

मी काकांना घाबरलेलं त्या आठवड्यात पहिल्यांदा पाहिलं. घाबरले की ते बोलत. जिन्यात गाठून मला सांगू लागले की मायचं दुखणं त्यांना बरोबर माहीत आहे. धर्मांतराच्या वेळी ती कळती पोर होती. आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, त्या देवांसोबत नारळही गेला. मायने ते तत्त्व म्हणून जपलं आहे. तेव्हा एकदा तिच्यापुढे नारळ कापून दाखवला, यात देवाचं काही उरलं नाही हे तिच्या डोळ्यांना दिसलं, की प्रश्न मिटला.

"तत्त्वाची बाई आहे ती, मॅडम," ते म्हणाले. "तत्त्वाच्या माणसाले तत्त्वानंच पटवावं लागते."

आजी आल्या त्या पाण्याची कॅन आणि फडक्यात बांधलेल्या भाकरी घेऊन. पुढच्या पडवीत खाटेवर बसल्या. आत आल्या नाहीत. काकूंनी पायावर डोकं ठेवलं, मीही नमस्कार केला. मला विचारलं, कोणत्या गावची, कोणाची. मी सांगितलं. "बरं," म्हणाल्या.

काकांना दम निघेना. त्यांनी शिकंज्याचा बाक उचलून पडवीत आणला आणि आजींच्या पुढ्यात मांडला. एका हातात आरी, दुसऱ्यात शेंडी काढलेला नारळ. सुरुवात केली. हे फळ आहे, माय. यात चांगली चरबी असते. कोकणातले लोक रोज खातात, त्यांच्यात देव मानणारे आहेत तसे न मानणारेही. आपण फोडत नाही. आजींनी ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "झालं तुहं?"

"हो."

"तुले कोन म्हनलं का मले देवाची भीती वाटते?"

काका आरी धरून उभे राहिले.

"दीक्षा तं मांगून झाली रे," आजी म्हणाल्या. "हे त्याच्या पयलेचं आहे. म्या सात-आठ वर्साची असन. आमच्या गावात देवळाचा ओटा उंच. शनिवारी नारळ फुटे. वरच्या लोकायले तुकडा हातात भेटे. आमी पोट्टे रस्त्याच्या तिकून उभे. आमच्याकडं फेकत. म्या परकराचा ओचा धरून राहो, पण तो त्याच्यात कायले पडते. मातीत पडे. मंग आमी धावो. कुत्रं बी धावे."

त्या हे भांडणाच्या सुरात सांगत नव्हत्या. शेजारच्या गावच्या बाजाराची हकीकत सांगावी तसं सांगत होत्या.

"एक दिस बापानं पाह्यलं. मारलं नाई मले. घरी नेलं, तोंडातला तुकडा काढाले लावला, अन् म्हणे, आजपासून हे आपलं नाई. तवापासून म्या तोंडी नाई घातलं. तू त्याले आरीनं काप नाई तं दातानं तोड, मले फरक नाई. मले नुसता त्याचा वास आला का तो ओटा दिसते. तुह्या घरात तं दाराले बी तोच वास येऊन राह्यला."

आमच्या गावातही देवळाला उंच ओटा आहे. लहानपणी मी त्या ओट्यावर बसून प्रसादाचं खोबरं खाल्लं आहे, दोन्ही हातांवर घेऊन. रस्त्याच्या पलीकडे तेव्हा कुणी उभं नसायचं. त्याच्या आधी कोण उभं असायचं हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं. मी वर निघून गेले. वह्या काढल्या आणि तशाच मिटून ठेवल्या.

काकांनी दुसऱ्या दिवशी घर धुवायला काढलं. बिजागऱ्या पुसल्या, करवंट्यांचे पेले-डाव गोळा केले, काथ्या फेकला, तेलाच्या बाटल्या समितीच्या त्या तिघांकडे पोचवल्या. नारळ फेकवेनात. ते पोतं त्यांनी माझ्या खोलीत, खाटेखाली आणून सारलं आणि म्हणाले, "तात्पुरतं." मग बाजारात जाऊन सोयाबीनच्या तेलाचा डबा आणला. दुकानदाराने म्हणे दोनदा विचारलं, साहेब, तुमच्याच घरी न्यायचा ना. टूथपेस्ट आणली, वासाची साबणपूड आणली. सकाळी आता काकांचं तोंड मोकळं असायचं, पण त्यांना काय बोलावं ते सुचत नसे आणि दूधवाल्यालाही सुचत नसे. मला आठवतं, त्या दिवसांत घरात पहिल्यांदा घरासारखा फोडणीचा वास आला आणि तो कुणालाच आवडला नाही.

आजी आत आल्या. काकूंच्या हातचं जेवू लागल्या. वास मात्र पुरता गेला नव्हता, भिंतींत मुरला होता. त्या मधूनच थांबायच्या, पदर नाकाला लावायच्या आणि पुढे जायच्या. चार दिवसांचे आठ झाले. काका त्यांच्यासमोर पाटावर बसून वांग्याची भाजी, सोयाबीनच्या तेलातली, वरून तिखट घेऊन खात. "मस्त झाली," म्हणत.

पोटाला हे कोण सांगणार. खिशात पेनाशेजारी पुन्हा गोळ्यांची पट्टी आली. काका जेवण झालं की फिरायला जातो म्हणून बाहेर पडत आणि कोपऱ्यावरच्या ओट्यावर छाती दाबून बसत. मी शाळेतून येताना पाहिलं होतं. म्हणाले, "मायले नका सांगू." मी नाही सांगितलं. पण एका रविवारी सकाळी ते अंगणातल्या त्या रिकाम्या खड्ड्यापाशी वाकून बसले आणि त्यांना ओकारी आवरेना. आंबट पाणी नुसतं. आजी खाटेवरून उठून पडवीच्या काठाशी आल्या.

"काऊन करून राह्यला तो असं?"

काकूंनी पाण्याचा तांब्या काकांकडे नेला आणि परत येऊन सांगितलं. सगळं सांगितलं. कोकणाच्या आधीचं पोट, नंतरचं पोट, मधली शांत वर्षं, आणि आता हे. "तुमच्यासाठी सोडलं त्यायनं, आत्याबाई. मले म्हणे, माय राह्यली पाह्यजे."

आजी बराच वेळ खाटेवर बसून होत्या. जेवायची वेळ झाली, टळली. मी खाली येऊन पायरीवर बसले होते, काही करता येण्यासारखं नव्हतं म्हणून. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तरीण, त्यानं ते कुठं लपवलं?"

"माझ्या खाटेखाली."

"एक आण."

मी आणला. काका उठून आले, तोंड पुसलेलं, चेहरा पांढरा. "माय, कायले," म्हणाले. आजींनी हात केला, गप्प बस म्हणून. नारळ मांडीवर घेतला. फिरवून फिरवून पाहिला, कानाशी नेऊन हलवला.

"आत काय वाजते?"

"पाणी आहे, माय."

"आमाले तं तुकडाच माहीत," त्या म्हणाल्या. "काप. मले पाहू दे अख्खा कसा राह्यते."

काकांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. पाणी त्यांनी पेल्यात काढून आजींच्या हाती दिलं. त्यांनी वास घेतला, डोळे मिटले, तसेच मिटलेले ठेवून पाणी प्यायल्या. मग एक वाटी दोन्ही हातांत घेऊन आत पाहत राहिल्या. पांढरं, गोल, भरलेलं. काकूंनी सुरीने एक काप काढून दिला. आजींनी तो उरलेल्या दातांच्या बाजूला सारला आणि चावू लागल्या. काका समोर उकिडवे बसले होते. इतकी वर्षं जगाला त्यांनी नारळाबद्दल सांगितलं असेल, पण कुणाच्या तोंडाकडे असं बघताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

आजी खूप वेळ चावत होत्या.

"शेंगदाण्याएवढी बी चव नाई याले," त्या म्हणाल्या. मग वाटीकडे पाहत म्हणाल्या, "याच्यासाठी धावत होतो आमी."

काका रडत होते, लेंग्याच्या गुडघ्यावर हात ठेवून, पुसतही नव्हते. आजींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खाजो तू. तुह्या पोटाले चालते तं खाजो. म्या आहो इथंच."

मग त्यांनी काकूंच्या हातून सुरी घेतली, आणखी एक काप काढला आणि मला हाक मारली. मी पायरीवरून उठून त्यांच्यापुढे सवयीने दोन्ही हात धरले. त्यांनी माझा एक हात खाली सारला, दुसऱ्याच्या तळव्यावर खोबरं ठेवलं, आणि माझी बोटं एकेक करून त्यावर मिटवली. त्यांचा हात कोरडा आणि गरम होता. तो त्यांनी लगेच काढून घेतला नाही.